सोमवारी ओटी उघडली की येणारा वास : कारण कुठे आणि कसं शोधायचं

ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) वास येतो ही तक्रार नागपुरात वर्षातून दोनदा जोर धरते, एकदा एप्रिल-मेमध्ये आणि मग जुलै-ऑगस्टमध्ये. पंधरा खाटांचं नर्सिंग होम असो की मोठं हॉस्पिटल, प्रकार साधारण सारखाच असतो. ओटी धुतलेली, स्वॅबचे रिपोर्ट ठीक, आणि तरी सकाळी दार उघडलं की नाकाला काहीतरी लागतं. मग फिनाइल वाढवतात, रूम फ्रेशनर आणतात, एखादं फ्युमिगेशन (खोली बंद करून जंतुनाशक वाफ सोडणं) जास्तीचं करून घेतात. आठवडाभर बरं वाटतं आणि वास पुन्हा हजर.

मी हॉस्पिटलांच्या एसीची आणि प्लंबिंगची कामं बघतो. माझं ठाम मत सांगतो: परत परत येणारा वास बहुतेक वेळा ओटीत तयारच होत नाही. तो बाहेरून येतो, हवेबरोबर किंवा पाण्याच्या पाइपातून. म्हणून फरशी कितीही पुसली तरी तो जात नाही. तो कोणत्या वाटेने आत येतो ते शोधावं लागतं, आणि ते शोधायला महागडं यंत्र लागत नाही.

काही वास आले की आधी काम थांबवा

शोधाशोध नंतर. जळक्या प्लास्टिकचा किंवा मासळीसारखा वास आला तर तो वायरिंगचा किंवा एखाद्या तापलेल्या पॅनेलचा असतो. यंत्र बंद, प्लग बाहेर, इलेक्ट्रिशियन लगेच. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत "बघू केस झाल्यावर" हे चालत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून दहा नवजात बाळं गेली. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली ही गोष्ट आहे, ती विसरायची नाही.

गोडसर, ईथरसारखा वास भूल देण्याच्या यंत्राजवळ येत असेल तर सेव्होफ्लुरेन किंवा आयसोफ्लुरेन हे भुलीचं औषध गळतंय. व्हेपोरायझरचं (औषधाची वाफ करणाऱ्या भागाचं) झाकण, सर्किटचे जोड आणि स्कॅव्हेंजिंगची (उरलेला वायू बाहेर नेणारी) नळी भूलतज्ज्ञांकडून तपासून घ्या. कामाच्या जागेची सुरक्षा बघणाऱ्या अमेरिकेच्या एनआयओएसएच संस्थेने या जातीच्या भुलीच्या वायूंसाठी घातलेली मर्यादा २ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत दोन भाग) आहे. नाकाला वास कळतो तेव्हा ती बहुधा ओलांडलेली असते. तसाच गोडसर वास ईटीओ स्टरिलायझरच्या (एथिलीन ऑक्साइड वायूने उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) खोलीत आला तर सगळ्यांना बाहेर काढा. एथिलीन ऑक्साइडची आठ तासांची मर्यादा १ पीपीएम आहे आणि माणसाला त्याचा वास कळतो तो काही शे पीपीएम झाल्यावर. म्हणजे वास आला तर धोका नक्की आहे, आणि वास नाही म्हणजे सगळं ठीक आहे असंही नाही. तिथे गॅस मॉनिटरच पाहिजे.

डोळे चुरचुरतील असा क्लोरीनचा वास आला तर कोणीतरी हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) आणि टॉयलेटचं अ‍ॅसिड एकत्र केलंय. खिडक्या उघडा, त्या जागेवर पाणी ओतत बसू नका, माणसं बाहेर काढा. हाउसकीपिंगच्या खोलीत या दोन कॅनची कपाटं वेगळी असली पाहिजेत, हा नियम मी जिथे जातो तिथे आधी सांगतो.

वास केव्हा येतो ते लिहून काढा

यातलं काहीच नसेल तर वही काढा. दोन आठवडे सिस्टरांनी रोज चार गोष्टी लिहायच्या: वेळ, जागा, एसी चालू की बंद, आणि आधी कोणती केस झाली. एवढ्यावर अर्धं निदान होतं.

एसी सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटं कुबट वास आणि मग कमी, तर एसीच्या थंड कॉइलवर आणि त्याखालच्या ड्रेन पॅनमध्ये बुरशी-शेवाळाचा थर साचलाय. एसी जितका जास्त चालेल तितका वास वाढतो, तर एएचयू (एसीची हवा गार करून डक्टमध्ये ढकलणारं मोठं युनिट) तो बाहेरून ओढून आणतोय. एसी बंद असताना वास, चालू केल्यावर गायब, तर तो ड्रेनचा किंवा शेजारच्या खोलीचा. सोमवारी सकाळीच येतो आणि मंगळवारी नसतो, तर रविवारी बंद राहिल्यामुळे काहीतरी सुकलंय किंवा ओटीतला हवेचा दाब संपलाय.

एक अडचण मात्र लक्षात ठेवा. रोज तिथे असणाऱ्याचं नाक काही मिनिटांत त्या वासाला सरावतं. एका ओटीत सफाईच्या मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मले त काही वास नाही येत जी." त्या खरंच सांगत होत्या. म्हणून वास हुंगायला बाहेरचा माणूस घ्या. रिसेप्शनवरची मुलगी किंवा फार्मसीतला मुलगा, मोकळ्या हवेतून थेट आलेला, तोंडात खर्रा नसलेला. एसी सुरू करण्याआधी त्याला दार उघडायला लावा आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात तो काय म्हणतो ते लिहा.

सुकलेले ट्रॅप

ओटीच्या आत फरशीला ड्रेन नसावाच. पण धंतोली-रामदासपेठेकडच्या बऱ्याच जुन्या इमारती मुळात राहायचे बंगले होते. तिथे ओटीच्या कोपऱ्यात, टाइल्सखाली दडलेली जुनी नहाणी सापडते. नवीन इमारतीत स्क्रब एरिया, डर्टी युटिलिटी, स्टाफचं बाथरूम, ऑटोक्लेव्हची (वाफेने उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची) खोली, सगळीकडे नहाणी ट्रॅप, म्हणजे जाळीखाली पाणी धरून ठेवणारी वाकणं असतात. ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी उभं असतं, आणि गटाराचा वायू आणि ओटी यांच्यामध्ये तेवढाच अडसर असतो.

मे महिन्यात नागपुरात दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली जाते. पारा ४५ च्या आसपास. ज्या नहाणीत रोज पाणी पडत नाही तिचा ट्रॅप काही आठवड्यांत कोरडा होतो. वापरातली नहाणी कधी त्रास देत नाही. त्रास देते ती कपाटामागची, जुन्या गीझरखालची, "ती तर बंदच आहे" म्हणून सांगितलेली.

तपासायची सोपी रीत: संध्याकाळी ओटी बंद करताना प्रत्येक जाळीवर प्लास्टिकची पिशवी चिकटपट्टीने घट्ट बसवा. सकाळी एकेक पिशवी उचलून हुंगा. जिच्याखाली सडक्या अंड्यासारखा वास कोंडलेला असेल ती जागा तुमची. जाळी काढून टॉर्च मारा. पाणी चकाकलं पाहिजे. तळाशी कोरडी काळी खपली दिसली तर दुसरं काही शोधायची गरज नाही.

उपाय म्हणजे पाणी. प्रत्येक ट्रॅपमध्ये दर सोमवारी आणि गुरुवारी एक बादली. जी नहाणी क्वचित वापरली जाते तिच्यात पाणी घातल्यावर वरून दोन-तीन चमचे लिक्विड पॅराफिन सोडा. पाण्यावर तेलाचा थर राहतो आणि बाष्पीभवन मंदावतं. लिक्विड पॅराफिन हॉस्पिटलच्या फार्मसीत असतंच. जी नहाणी कायमची नको आहे ती झाकण ठोकून सोडू नका, प्लंबरकडून पाइपातच बंद करून घ्या.

ऑटोक्लेव्हच्या ड्रेनचं थोडं वेगळं आहे. गरम पाण्याचा लोट एकदम सुटला की तो जाताना ट्रॅपमधलं पाणीही ओढून नेतो. तिथे सायकल संपल्यावर वास येतो आणि लोक ऑटोक्लेव्हलाच दोष देतात. त्या लाइनला व्हेंट पाइप आहे का, आणि तो गच्चीवर उघडा आहे की पारव्यांच्या घरट्याने बुजलाय, ते बघा.

चेंबर तुंबलाय असं निघालं तर यंत्राने साफ करून घ्या. माणूस आत उतरवू नका. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं बंद आहे, आणि सडक्या अंड्याचा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड सुमारे १०० पीपीएमला पोचला की नाकच बधिर करतो. उतरलेल्याला "आता वास नाही" असं वाटतं आणि तो तिथेच पडतो.

गच्चीवरचा एएचयू, आणि तिथला एक वीतभर पाइप

माझ्या अनुभवात उन्हाळ्यातल्या तक्रारींचं सगळ्यात जास्त हुकलेलं कारण हे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एएचयूमध्ये थंड कॉइलवर हवेतलं बाष्प पाणी होऊन गळतं. ते ड्रेन पॅनमध्ये जमतं आणि पाइपाने बाहेर जातं. बहुतेक एएचयूत ब्लोअर कॉइलच्या पुढे असतो, म्हणजे कॉइलच्या जागेत सतत सक्शन असतं. त्या ड्रेन पाइपला यू आकाराचा ट्रॅप असतो आणि त्यात पाणी असेल तोवर ठीक. ते सुकलं की ब्लोअर त्या पाइपातून हवा आत ओढायला लागतो. पाइपाचं दुसरं टोक कुठे आहे? पुष्कळ ठिकाणी थेट संडासाच्या स्टॅकला (उभ्या मैल्याच्या पाइपाला) किंवा चेंबरला जोडलेलं. गटारातली हवा कॉइलवरून, ब्लोअरमधून, डक्टमधून थेट ऑपरेशन टेबलाच्या डोक्यावर.

मग हे उन्हाळ्यात का होतं, तेव्हा तर एसी दिवसरात्र चालतो? कारण एसी चालणं आणि पाणी गळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी गळायला हवेत बाष्प लागतं. एप्रिल-मेमध्ये विदर्भाची हवा इतकी कोरडी असते की कॉइल थंडगार असूनही पॅनमध्ये जेमतेम थेंब पडतात. त्यात एएचयू गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये, पीव्हीसीचा यू-ट्रॅप उन्हात तापतोय. आत येणारं पाणी थेंबभर आणि उडून जाणारं त्याच्या कितीतरी पट. नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) लागायच्या आधीच ट्रॅप कोरडा. डिसेंबर-जानेवारीतही हेच होतं, तेव्हा कूलिंग बंद ठेवून नुसता ब्लोअर चालवतात म्हणून.

एका ठिकाणी दोन वर्षं वासाची तक्रार होती. हेपा फिल्टर (हवेतले बारीक कण अडवणारे) बदलले होते, डक्ट साफ केले होते. गच्चीवर जाऊन ब्लोअर चालू असताना ड्रेनच्या यू-ट्रॅपचं वरचं बूच काढलं आणि गॉझचा एक सुटा धागा तोंडाशी धरला. धागा आडवा झाला आणि आत खेचला गेला. बाटलीभर पाणी ओतलं, धागा सरळ खाली लोंबला. खाली ओटीत वास जायला पुढचा तासभर लागला, कारण आतली हवा बदलायला तेवढा वेळ लागतोच. तक्रारीचं मूळ सापडायला मात्र धाग्याएवढंच साधन पुरलं.

कायमचा उपाय दोन भागांत. पहिला, ट्रॅपची खोली. कॉइलच्या जागी जितक्या मिलिमीटर पाण्याचं सक्शन असेल त्याहून ट्रॅपमधलं पाणी निदान २५ मिलिमीटर जास्त उभं राहिलं पाहिजे. म्हणजे सक्शन ५० मिलिमीटर असेल तर ७५ तरी. बाजारातला तयार छोटा ट्रॅप बसवला की ब्लोअर सुरू होताच पाणी आत खेचलं जातं. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा: ड्रेन पाइप गटाराला थेट जोडायचाच नाही. तो एका उघड्या फनेलवर किंवा नहाणीच्या जाळीवर, मध्ये चार बोटं मोकळी हवा ठेवून, सोडायचा. मग ट्रॅप सुकला तरी ब्लोअर गच्चीवरची हवा ओढेल, गटाराची नाही. गच्चीवरची धूळही आत जायला नकोच, पण निदान मैल्याचा वायू जाणार नाही.

हेपा आहे, मग वास कसा?

हा प्रश्न डॉक्टर नेहमी विचारतात. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो. वास म्हणजे वायू, त्याचे रेणू या कणांपेक्षा कितीतरी लहान. ते हेपामधून सरळ जातात. वायू कमी करायचे तर ताजी हवा आत घ्यावी लागते आणि तेवढीच जुनी बाहेर जावी लागते. हॉस्पिटलांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ओटीत तासाला किमान २० वेळा हवा बदलली पाहिजे आणि त्यातले ४ बदल ताज्या हवेचे हवेत.

हिशोब करून बघा. ६ मीटर बाय ६ मीटरची, ३ मीटर उंच ओटी म्हणजे १०८ घनमीटर. वीस बदल म्हणजे तासाला २,१६० घनमीटर, एसीवाल्यांच्या भाषेत सुमारे १,२७० सीएफएम (मिनिटाला घनफूट). त्यात ताजी हवा ४३२ घनमीटर, म्हणजे २५५ सीएफएमच्या आसपास. वीस बदलांच्या वेगाने हवेतले कण ९९ टक्के कमी व्हायला साधारण १४ मिनिटं लागतात. पण वास हेपाला दाद देत नाही, त्याला फक्त ते ४ बदल लागू. त्याला सुमारे ७० मिनिटं लागतात. आणि ताज्या हवेचा डॅम्पर (डक्टमधली उघडझाप करणारी झडप) बंद असेल तर वास जातच नाही, तो नुसता फिरत राहतो.

आता डॅम्पर बंद का असतो ते सांगतो. मे महिन्यात बाहेरची ४५ अंशांची हवा आत घेतली की ओटीचं तापमान २१ वर राहत नाही, सर्जन ओरडतात, विजेचं बिल वाढतं. ऑपरेटर गुपचूप डॅम्पर मिटवतो. जून आला तरी तो उघडायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. ऑपरेटरवर चिडण्यात अर्थ नाही. प्लांटची क्षमताच कमी पडत असेल तर मालकांनी ते मान्य करून वेगळा प्री-कूलिंग कॉइल बसवायला हवा. तोवर किमान केसेसच्या मध्ये आणि रात्री डॅम्पर पूर्ण उघडा ठेवा.

ज्या ओटीत अजून स्प्लिट एसी आहेत तिथे हा प्रश्न सुटणारच नाही. स्प्लिट एसी ताजी हवा घेत नाही, तीच हवा गार करून परत फेकतो. एनएबीएच ते ओटीत चालवून घेत नाही, आणि वास हे त्यामागचं सगळ्यात किरकोळ कारण आहे.

ताजी हवा कुठून घेतली जाते तेही एकदा डोळ्यांनी बघा. इनटेकच्या जाळीखाली जनरेटरचा धुराडा, जैव-वैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्यांची खोली, किचनचा एक्झॉस्ट किंवा गटाराचा व्हेंट असेल तर कितीही डॅम्पर उघडून उपयोग नाही. इनटेक हलवणं हाच उपाय. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर टाकता येतो, पण तो भरतो, आणि भरला की काम करत नाही.

कॉरिडॉरमधला कूलर

हा खास आपल्याकडचा प्रकार. ओटीत बाहेरच्यापेक्षा निदान २.५ पास्कल दाब जास्त असावा, म्हणजे दार उघडलं की हवा आतून बाहेर जाईल. आपल्याकडे उन्हाळ्यात वॉर्डात आणि कॉरिडॉरमध्ये मोठे डक्ट कूलर लावतात. ते बाहेरची प्रचंड हवा आत ढकलतात आणि कॉरिडॉरचा दाब ओटीपेक्षा जास्त होतो. मग दार उघडलं की वॉर्डाचा, संडासाचा, कूलरच्या ओल्या ताटीचा कुबट वास ओटीत. वासाबरोबर बुरशीचे बीजाणूही येतात, ते जास्त वाईट.

टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी घ्या आणि दार दोन बोटं उघडून फटीत धरा. पट्टी कॉरिडॉरकडे झुकली पाहिजे. आत झुकली तर कूलर बंद करून पुन्हा बघा. फरक पडला तर उत्तर तिथेच मिळालं. उदबत्ती लावून धूर बघू नका, ऑक्सिजनच्या लाइनजवळ तर नाहीच. उपाय म्हणून कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाची खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा, कूलरचं तोंड ओटीकडून वळवा. आणि ओटीचा ब्लोअर रात्री पूर्ण बंद करू नका, कमी वेगाने चालू ठेवा. पूर्ण बंद असलेली ओटी रात्रभर शेजारच्या खोल्यांची हवा घेते आणि सोमवारी सकाळी तीच तुम्हाला भेटते.

याच मोसमात इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांकडेही बघा. उन्हाळ्यात वीज जास्त जाते, बॅटऱ्या सारख्या चार्ज होतात. जास्त चार्ज झालेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी सडक्या अंड्याचाच वास देते. लहान नर्सिंग होममध्ये ती ओटीबाहेरच्या जिन्याखाली असते आणि सगळे नहाणी शोधत बसतात. बॅटरी हाताला गरम लागली, फुगलेली दिसली तर लगेच काढा. तिच्यातून हायड्रोजनही सुटतो, तो पेट घेतो.

ओटीतल्याच काही वस्तू

वाटा तपासून झाल्या आणि तरी वास राहिला, तर टेबलाची गादी काढा. वरून पुसलेली असते. उलटी करून शिवण बघा. शिवण उसवली असेल किंवा रेक्झिनला ब्लेडची चीर असेल तर आतल्या फोमने रक्त, लघवी, आम्नियोटिक पाणी सगळं शोषलेलं असतं. बोटाने दाबलं की ओलसर लागतं आणि वास वर येतो. ती गादी धुऊन सुधारत नाही, टाकून द्यायची. खाली टेबलाच्या बुडाशी, ट्रॉलीच्या चाकांत, केस आणि धागे रक्ताने घट्ट गुंडाळलेले असतात. चाक काढून साफ करा.

सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना वापरायचं एक्स-रे यंत्र) वापरणाऱ्या ऑर्थोच्या ओटीत लेड अ‍ॅप्रन हुंगा. महिनोन्‌महिने घामाने भिजून वाळलेले, कोणीही न पुसलेले. ते मशिनमध्ये धुता येत नाहीत, ब्लीचही नको. सौम्य साबणाच्या पाण्याने पुसायचे आणि घडी न घालता हँगरला टांगायचे. ओटीच्या चपलांचंही तसंच, त्या आठवड्यातून एकदा नाही, रोज धुवायच्या.

सक्शन जार केस संपताच रिकामा झाला पाहिजे. २०१६ च्या जैव-वैद्यकीय कचरा नियमांत २०१८ साली बदल झाला, त्याप्रमाणे असा द्रव १ ते २ टक्के हायपोत निदान २० मिनिटं ठेवून मग सोडायचा. हायपोचा कॅन उन्हात किंवा खिडकीत ठेवलेला असेल तर त्यातला क्लोरीन झपाट्याने कमी होतो, आणि मग हायपो टाकूनही जार सडका वास मारतो. कॅन गार, अंधाऱ्या जागी ठेवा, द्रावण रोज ताजं करा. पिवळ्या पिशव्यांना ४८ तासांची मर्यादा आहे, पण मे महिन्यात ४८ तास म्हणजे फार झाले. ओटीच्या पिशव्या प्रत्येक केसनंतर बाहेर गेल्या पाहिजेत.

कॉटरीचा धूर आणि सेप्टिक केस

हे दोन वास ओटीतच तयार होतात आणि ते टाळता येत नाहीत. कॉटरीच्या (विजेने ऊती कापणाऱ्या-जाळणाऱ्या उपकरणाच्या) धुरात बेंझीन, फॉर्मल्डिहाइड, हायड्रोजन सायनाइड असे वायू असतात, जिवंत विषाणूही सापडलेले आहेत. साधा सर्जिकल मास्क त्याला अडवत नाही. स्मोक इव्हॅक्युएटर लावा आणि त्याची नळी टोकापासून ५ सेंटिमीटरच्या आत धरा. लांब धरलेली नळी नुसता आवाज करते.

गँगरीनचा पाय, फुटलेलं आतडं, पोटातला पू, या केसेस यादीत शेवटी घ्या म्हणजे नंतर हवा बदलायला रात्र मिळते. स्क्रब न केलेल्या स्टाफने मास्क बांधण्याआधी त्याच्या बाहेरच्या बाजूला पेपरमिंट तेलाचा एक थेंब लावला तर उभं राहणं सोपं जातं. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी ते करू नये.

आणि एक गोष्ट मी इंजिनिअर असूनही सांगतो. स्पायनलखालचा (पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालची भूल दिलेला) पेशंट जागा असतो. "काय घाण वास येतोय" हे त्याला ऐकू येतं आणि तो वास आपला आहे हे त्याला कळतं. कॉटरी सुरू करण्याआधी सिस्टरांनी त्याच्या कानाशी सांगावं, "काका, आता थोडा जळका वास येईल, ते नेहमीचं आहे, घाबरू नका." एका हॉस्पिटलात हे रोज होताना मी बघितलंय. पेशंटचा हात सैल पडतो.

फ्युमिगेशनने वास जात नाही

फॉर्मलीन आणि पोटॅशियम परमँगनेटचं फ्युमिगेशन अजून काही ठिकाणी चालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला २००४ साली माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत पहिल्या गटात टाकलं. तो वास दुसऱ्या वासावर बसतो, त्याला घालवत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे डोळे लाल. फवारणी करायचीच तर इन्फेक्शन कंट्रोलच्या सल्ल्याने हायड्रोजन पेरॉक्साइडची करा, पण वासासाठी म्हणून नको. रूम फ्रेशनर, कापूर, धूप यांना ओटीत जागा नाही. ते निदान लपवतात. सुकलेल्या ट्रॅपची तक्रार ज्या दिवशी यायला हवी, त्या दिवशी मोगऱ्याचा वास येतो.

पाऊस लागला की

ट्रॅप भरतात आणि उन्हाळ्याचा वास आपोआप जातो, म्हणून लोक निश्चिंत होतात. आता पाणी जास्त होतं. ड्रेन पॅन तुडुंब, बाहेर जायचा पाइप शेवाळाने अर्धा बुजलेला, कॉइलवर चिकट थर. कॉइल फोम क्लीनरने धुवा, पॅनला उतार आहे का बघा. फॉल्स सीलिंगवर ओलीचा डाग असेल तर त्यावर रंग मारू नका. तेवढा बोर्ड कापून काढा, वरची गळती थांबवा, मग नवा लावा. नाग नदीच्या काठाला किंवा नाल्याशेजारी असलेल्या इमारतींत मोठ्या पावसात चेंबर उलटा भरतो, तिथे तळमजल्याच्या लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. पावसात उंदीरही फॉल्स सीलिंगवर चढतात. गोड-सडका वास एकाच कोपऱ्यात वाढत गेला आणि मोठ्या हिरव्या माश्या दिसल्या तर त्या कोपऱ्यातली टाइल उचला.

एसीचा एएमसी (वार्षिक देखभालीचा) करार पुढच्या वेळी नव्याने कराल तेव्हा "सर्व्हिसिंग" या एका शब्दावर सही करू नका. दर सहा महिन्यांनी ताज्या हवेचे सीएफएम मोजून लेखी द्यायचे, मार्च संपायच्या आत एएचयूचा ड्रेन ट्रॅप पाण्याने भरून फोटो पाठवायचा, एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत तो दर आठवड्याला तपासायचा, आणि डॅम्परची जागा मार्करने रंगवून ठेवायची, म्हणजे कोणी हलवला तर सिस्टरांनाही दिसेल. ही चार कलमं लिहून घ्या आणि त्याची एक प्रत ओटीच्या वहीत चिकटवा.